दुधाची हातभर तार

चोर परवडला, पण गप्पिष्ट नको, असं अमडापूरच्या पुंजाजींचं मत होतं. चोर दोन भांडी नेतो आणि निघून जातो. गप्पिष्ट ओसरीवर बसतो, चहा पितो आणि जाताना ऐकणाऱ्याची अक्कल घेऊन जातो. स्वतः पुंजाजींना कुणी ‘पाऊस पडून राह्यला काय?’ असं विचारलं, तर ते आधी हात बाहेर काढून पाहत आणि मग सांगत. त्यांनी जन्मात शपथ घेतली नव्हती. “शपथ खोट्याले लागते,” म्हणत. “माह्या बोलन्याले कायले पाह्यजे?” आणि गावाचंही म्हणणं असं, की पुंजाजींनी सांगितलं म्हणजे पुन्हा मोजून पाहायला नको.

अशा माणसाला जावई मिळाला तो धाडचा इंद्रभान. पोरगा लढाईत फौजेच्या लॉऱ्या चालवायला इटलीपर्यंत जाऊन आला होता आणि आता चिखली ते बुलडाणा कोळशाच्या गॅसवरची सर्व्हिस मोटर चालवत होता. बोलायला गोड, वागायला सरळ, दिसायला तर विचारूच नका. पुंजाजींच्या शालूनं त्याला दाराच्या फटीतून एकदाच पाहिलं आणि त्या दिवशी तव्यावरची भाकरी करपली. पुंजाजींनाही तो मनापासून आवडला होता. म्हणून तर पुढचं सगळं त्यांना इतकं झोंबलं.

झालं असं. सुपारी फुटली, गूळ वाटून झाला, पंगत उठली आणि माणसं ओसरीवर पान जुळवत बसली. त्यात शेजारचा तुळशीराम होता. दुसऱ्याच्या ताटात काय पडलं हे पाहिल्याशिवाय याच्या गळ्याखाली घास उतरत नसे. त्यानं विचारलं, “पाहुणे, तिकडं सायबाच्या मुलकात खात काय होते?”

“छावणीत आपली दाय-पोयीच होती,” इंद्रभान म्हणाला. “पन नेपल्स म्हून एक मोठं शहर हाय. तिथं एक डाव सुट्टी भेटली. शहराच्या मधोमध, पेठेतल्या गल्लीत एक हॉटेल होतं. लढाईनं अर्धी गल्ली पडली होती, तरी हॉटेलात माणूस माणसाले खेटून बसला होता. समोरच भट्टी. तो हॉटेलवाला कनकीचा गोया घे अन् आपल्या भाकरीवानी हातानं थापे. त्याच्यावर भेदरं चिरडून टाके, दुधाचे पांढरे गोये तोडून टाके, अन् सारं भट्टीत. आपलं पान चावून होत नाही तं बाहेर. पिझ्झा म्हनते त्याले.”

भेदरं म्हणजे टमाटे. तिथपर्यंत सगळं ठीक होतं. पण पोराच्या डोळ्यांपुढे ते हॉटेल उभं राहिलं होतं, आता तो थांबतो कशाला?

“म्या तुकडा तोडला, तं दूध काही सुटेच ना! हात वर नेला, तं तार निंघाली. एवढी.” त्यानं कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात करून दाखवला.

“दुधाची तार!” तुळशीराम मांडीवर थाप मारून म्हणाला. “मंग कपडेबी त्याच्यावरच सुकवाले टाकत असतीन!”

ओसरी हसून लोळली. इंद्रभानही हसला. त्याला वाटलं, लोकांना मजा येतेय. “अन् दूध कायचं, तं म्हशीचं! आपल्यावानीच काय्या म्हशी हायेत तिकडं, चिखलात बसते. अन् एक डोंगर पाह्यला म्या, आपसूक पेटलेला. आमच्या लॉऱ्यायवर ढिगानं राख...”

“पुरे,” पुंजाजी म्हणाले.

साहेबाच्या मुलखात म्हशी, पेटलेला डोंगर आणि दुधाची तार! पुंजाजींनी हातातलं पान खाली ठेवलं. एकुलती एक पोर आपण कुणाच्या हाती देऊन राहिलो?

“जवाईबापू, खरं काय हे?”

“हाव मामाजी. खरंच हाय.”

“मंग दाखवा. अखजीले लगन हाय. त्याच्या आत ती तार माह्या डोयांनं दिसली पाह्यजे. नाही दिसली तं सोयरीक मोडली. मी पोरगी गरिबाले देईन, रागीटाले देईन, लबाडाले नाही देनार.”

अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, फार दूर नव्हती. इंद्रभानचं तोंड उतरलं. पण त्यानं वाद घातला नाही, गयावया केली नाही. “बरं मामाजी,” एवढंच म्हणाला आणि पायात जोडा घातला.

संध्याकाळी चुलीपाशी पुष्पाबाईंनी नवऱ्याला धारेवर धरलं. “अवं, पोरीचं लगन तारेशी हाय का माणसाशी?” पुंजाजींनी चुलीत काटकी सारली. शब्द तोंडातून गेला होता, आणि त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आतल्या खोलीत शालू रडत नव्हती, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. ती छताकडे पाहत कसला तरी विचार करत होती. पुंजाजींनी मात्र मनातल्या मनात मारुतीला विनवलं, बाबा, ती तार खरी निघू दे.

पुढच्या आठवड्यात इंद्रभान सामान घेऊन त्यांच्या वावरात आला. मळून फुगवलेली कणीक होती, भेदरं होती, आणि दूध उकळून, लिंबानं फाडून, फडक्यात बांधलेला गोळा होता. साक्षीला तुळशीराम पांढरं स्वच्छ कुडतं घालून आला होता. आंब्याखाली गोवऱ्या फुलल्या होत्या. इंद्रभाननं कणकेची मोठी, जाड गोल चांदकी थापली, वर भेदरं आणि दूध पसरलं आणि विहिरीवर हात धुवायला गेला.

इथंच घात झाला. वऱ्हाडात वावरात पाहुणा आला की गोवऱ्यांच्या राखेत पुरून भाजलेले रोडगे होतात, आणि रोडगा कसा भाजायचा हे काही पुष्पाबाईंना कुणी सांगायला नको होतं. शिवाय जावयाला विस्तवापाशी बसवणार कोण? त्यांनी ती चांदकी अलगद उचलली, गोवऱ्यांच्या लाल राखेत सरकवली आणि वरून इंगळांसकट राख ओढून नीट पुरून टाकली. इंद्रभान परत येऊन पाहतो तो नेपल्स राखेखाली गडप!

“मामी, त्याले वरून झाकत नाही!”

“झाकल्याबिगर वरून भाजन कसं?” पुष्पाबाई म्हणाल्या, आणि हे बरोबरच होतं.

घाईघाईनं ते प्रकरण बाहेर काढलं. मग पुष्पाबाईंनी रोडग्याची दुसरी रीतही पाळली. राख झटकण्यासाठी फडक्यानं दोन सणसणीत तडाखे दिले. कणीक जागेवर राहिली, पण भेदरं उडाली ती थेट तुळशीरामच्या छातीवर. शाईनं शिक्का मारावा तसा लाल ठसा उठला. गडीमाणसं पोट धरून हसली. पुंजाजींनी काळजीपूर्वक एक तुकडा मोडला. वर राख, खाली राख आणि मध्ये दुधाचे कोरडे खडे.

“याच्यात तार कुठी हाय, जवाईबापू?”

इंद्रभान खाली पाहू लागला. पुंजाजींना त्याची इतकी दया आली, की ते पाठ फिरवून आंब्याच्या बुंध्याशी आडवे झाले आणि डोळ्यांवर पागोटं ओढून घेतलं.

तेवढ्यात पागोट्याखालून त्यांना शालूचा आवाज ऐकू आला. लग्नाआधी नवरदेवाशी बोलायची सोय नव्हती, तेव्हा ती आईशी बोलत होती. “माय, त्यायले इचार. तिथं दूध फाडताना त्यायनं सोता पाह्यलं काय?”

इंद्रभान आंब्याच्या फांदीकडे पाहत पुष्पाबाईंना म्हणाला, “मामी, सांगा त्यायले. एका वावरात पाह्यलं होतं. म्हातारी बाई होती. बादलीत हात घालून गोये ओढे अन् गोल करे.”

“माय, हात घाले म्हनते. मंग ते दूध उकयलेलं कसं असन? उकयत्या दुधात कोन हात घालते?”

आपल्याकडे दूध घरात आलं की ते आधी उकळायचं. त्यात विचार करण्यासारखं काही असेल असं त्या वावरात कुणालाही वाटलं नव्हतं.

“माय, त्यायले म्हन, दूध माह्याकडं राहू द्या. भट्टीचं तुमी पाहा.”

“बरं म्हना,” इंद्रभान फांदीला म्हणाला, पण हसू त्याच्या आवाजात मावत नव्हतं. पागोट्याखाली पुंजाजी घोरल्याचं सोंग करत पडून राहिले. जन्मभर खोट्याचा तिटकारा असलेला माणूस. पण ते घोरणं अगदी हुबेहूब होतं.

त्यानंतर घरात काहीतरी बिघडलं. जेवताना ताक मिळेना. दूध कमी पडू लागलं. “म्हैस रुसली,” पुष्पाबाई म्हणत. पुंजाजी गोठ्यात जाऊन म्हशीची समजूत काढत, तिला सरकी जास्त घालत. दूध मुद्दाम नासवलं तर म्हैस आटते असं गावात मानत. तेव्हा शालूचं वावरातलं बोलणं ऐकूनही ती घरच्याच म्हशीचं दूध नासवत असेल, ही शंका त्यांच्या मनाला शिवली नाही.

अखजी तोंडावर आली तेव्हा, चिखलीत भट्टी ठरवल्याचा इंद्रभानचा निरोप मिळाल्यावर, बाजाराच्या दिवशी ते बायको-पोरीला घेऊन गाडीनं चिखलीला गेले. वाटेत तुळशीरामही चढला. पुष्पाबाईंच्या मांडीवर फडक्यानं तोंड बांधलेलं पितळी भांडं होतं.

“काय हाय त्याच्यात?” तुळशीरामनं विचारलं.

“पानी,” पुष्पाबाई म्हणाल्या, आणि शालू पदरात तोंड घालून खोकली.

चिखलीला पोचताच तुळशीराम घुंगरं घ्यायला बाजारात शिरला. तिथल्या पेठेत कादर नानबाईची पावाची भट्टी होती. इंद्रभानची मोटर रोज तिच्यासमोरच उभी राही, म्हणून दोघांची दोस्ती. पुंजाजी मात्र त्या उंबऱ्यावर कधी चढले नव्हते. पाव पायानं तुडवून करतात, असं त्यांनी लहानपणी ऐकलं होतं आणि तेव्हापासून ते दहा जणांना सांगत आले होते. आता समोर कादर कोपरापर्यंत हात पिठात घालून मळत होता. पुंजाजी त्याच्या पायांकडे पाहू लागले.

“पाय कायले पाहता, पुंजाजीभाऊ?” कादर हसून म्हणाला. “पाय घराकडं जाले लागते. काम हातानं होते.”

पुंजाजींचे कान लाल झाले. इतकी वर्षं आपण जे छातीठोकपणे सांगत होतो ते खोटं होतं, आणि खात्री करायला फक्त इथंवर यायचं होतं.

“तुले काय वाटते, कादर?” त्यांनी विषय बदलला. “निंघन तार?”

“मी नानबाई हाय भाऊ. भट्टीतून काय निंघन ते आधी सांगत नाही. निंघालं म्हनजे पाहतो.”

इंद्रभाननं बाह्या सारल्या. कादरनं गोळा थापून दिला, त्यानं भेदरं पसरली. मग पुष्पाबाईंनी भांड्याचं फडकं सोडलं. आत निवळीसारख्या पाण्यात पांढरे, गुळगुळीत, चकचकीत गोळे तरंगत होते. शालूनं एक काढून दोन्ही हातांनी ओढला, आणि तो तुटला नाही. पिळलेल्या दोरीसारखा लांबला.

“म्हैस रुसली होती ना?” पुंजाजी बायकोला म्हणाले.

“रुसली नाही अन् आटलीबी नाही. कच्च्या कोमट दुधात आंबट ताक घातलं, मंग गरम पान्यात ओढलं. पह्यले पाच-सहा डाव पार बिघडलं, ते तुमी भाजीत खाल्लं.”

म्हणजे आपल्याच घरात आठवडाभर खोटं नांदत होतं आणि आपण म्हशीला सरकी घालत होतो! पुंजाजींनी रागवायचं ठरवलं, पण राग काही येईना.

“एकच राह्यलं,” इंद्रभान म्हणाला. “वरून एक पान टाके ते. तुयशीवानी वासाचं.”

कादरची बायको अख्तरी हे ऐकत होती. ती परसात गेली आणि सब्ज्याच्या चार डहाळ्या घेऊन आली. इंद्रभाननं पान चुरगाळून नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. “हाच! भाबी, हाच वास!” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लढाईत मोडलेल्या त्या गल्लीत, घरापासून इतक्या दूर, त्या ताटानं त्याला पोटभर घरच्यासारखं वाटलं होतं. हे त्यानं ओसरीवर सांगितलंच नव्हतं. सांगायला कुणी दिलंच नव्हतं.

कादरनं लांब दांड्याच्या फळीवरून ते भट्टीत सोडलं. कडा फुगल्या, जागोजागी काळे डाग पडले, मधलं पांढरं आधी घामेजलं, मग पाघळून खदखदू लागलं. कादरनं ते बाहेर ओढून ताटात घातलं आणि ताट पुंजाजींसमोर ठेवलं.

“नुसतं पाहून होत नाही, मामाजी. तोडून खा लागते.”

भट्टीचं अन्न, तेही पेठेत बसून. गाव काय म्हणेल हे पुंजाजींच्या मनात आलं. मग त्यांनी शालूकडे पाहिलं. ती ताटाकडे नाही, बापाच्या हाताकडे बघत होती. पुंजाजींनी हात धुतले, मांडी घातली आणि एक तुकडा तोडून तोंडात धरला.

दूध सुटेना. त्यांनी मान मागे घेतली. तार निघाली. आणखी मागे घेतली, तार आणखी लांबली. ते मांडी मोडून अर्धवट उठले, तरी तार ताटापासून मिशीपर्यंत तशीच, पांढरी, झोकदार, वाफाळती. “तोडू नका, कोनी तोडू नका!” असं काहीतरी ते घास तोंडात ठेवूनच ओरडले, आणि एक हात पुढे करून कोपर ताटाच्या कडेला लावलं. तार बोटांच्या पलीकडे गेली होती.

“हातभर!” घास गिळून ते म्हणाले. “हातभर अन् वर चार बोटं. जवाईबापू, तुमी कमी सांगतलं!”

मग जे हसू फुटलं ते काही आवरेना. कादर फळी टेकून हसला, पुष्पाबाई पदरात हसल्या, आणि पुंजाजी मिशीत दुधाचा धागा घेऊन हसत होते. भेदरांची आंबट चव, दुधाची खारट-गोड चव, आणि कडेचा खरपूसपणा तर थेट रोडग्याचा. त्यांनी दुसरा तुकडा घेतला तो तारेसाठी नव्हे, खाण्यासाठी. शालूच्या हनुवटीला एक तार चिकटली. इंद्रभाननं ती पाहिली, आणि या वेळी तो फांदीकडे बघत नव्हता. सहा माणसांत त्या ताटाचा फडशा पडला. शेवटची कडा अख्तरीनं आणि पुष्पाबाईंनी वाटून खाल्ली.

तेवढ्यात बाजारातून बैलाच्या घुंगरांची घासाघीस उरकून तुळशीराम आला. ताट चाटूनपुसून लख्ख झालं होतं.

“मंग? निंघाली तार?”

“निंघाली,” पुंजाजी म्हणाले. “हातभर अन् वर चार बोटं.”

तुळशीरामनं त्यांच्याकडे पाहिलं, रिकाम्या ताटाकडे पाहिलं, शालूकडे पाहिलं, आणि समजूतदारपणे मान हलवली. “बराबर हाय भाऊ. पोरीच्या बापाले म्हना लागते.”

पुंजाजी जागच्या जागी थिजले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांचं बोलणं खोटं धरलं होतं. गाडी अमडापूरला पोचेपर्यंत त्यांनी चार वेळा सांगितलं, आणि दर वेळी तुळशीराम आणखीच मायेनं मान हलवत गेला. दुसऱ्या दिवशी गावभर तेच झालं. लोक चिडवत नव्हते, उलट कौतुक करत होते, आणि तेच जास्त लागत होतं. “पुंजाजीभाऊ अखेर मानसात आले,” असं पाराजवळ कुणी म्हणालं. कादरची साक्ष काढावी, तर तो जावयाचा दोस्त. घरच्यांची काढावी, तर ते घरचे. एकानं तर सरळ म्हटलं, “शपथ घ्या, मंग मानतो.”

पुंजाजींनी घराची वाट धरली. आपण खरं सांगतोय, समोरचा हसतोय, आणि हात हलवत परत यावं लागतंय, ही आग काय असते ते त्यांना आज कळत होतं. ओसरीवर त्या पोरानंही साधं ‘खरंच हाय’ म्हटलं होतं. त्यावर आपण त्याच्याकडून काय मागितलं? वर त्याला लबाड ठरवून मोकळे झालो. त्यांना मनापासून लाज वाटली.

अखजीला लग्न लागलं. मांडवात पंगती उठल्या आणि माणसं पान जुळवत बसली, पुन्हा तशीच. तुळशीराम लाल ठशाचं कुडतं धुऊनही डाग न गेल्यानं नव्या कुडत्यात होता. त्यानं नवरदेवाला डिवचलं, “काय पाहुणे, आज नाही काही सांगत?”

इंद्रभाननं हसून मान हलवली. तो शिकला होता. म्हणाला, “नाही भाऊ. सारं सांगून झालं.”

पुंजाजी उठले. सगळ्या मांडवादेखत जावयाच्या सतरंजीवर, त्याच्या मांडीला मांडी लावून बसले आणि त्याच्या हाती आपल्या हातानं लावलेलं पान दिलं.

“झालं कसं? तो पेटलेला डोंगर राह्यला ना,” ते म्हणाले. “मीच मधी तोडलं होतं. सांगा आता. लॉऱ्यायवर राख पडली, मंग?”

तुळशीराम हसायला तोंड उघडणार होता. पुंजाजींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्यानं पान तोंडात टाकलं. आतल्या दारापाशी हिरव्या चुड्याचा आवाज थांबला. शालूही ऐकत होती.

इंद्रभाननं ते पान कपाळाला लावलं. मग त्यानं दोन्ही हात वर उचलले, डोंगर केवढा होता ते दाखवायला, आणि सांगू लागला. लाल ओघळ, रात्रीचा उजेड, गुडघाभर राख, सारं सांगितलं. पुंजाजी शेवटपर्यंत ऐकत बसले. ‘खरं काय?’ असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.